टांची मेना आणि माझे सात सॉरी

माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं डच पत्र मी तक्रारीचं लिहिलं. ज्या बाईविरुद्ध ती तक्रार होती, तिनंच ते तपासून दिलं. लाल पेनानं, पेपरमिंटची गोळी चघळत, एकदाही मान वर न करता. ती तेव्हा गप्प का बसली हे कळायला मला बरेच दिवस लागले, आणि कळलं तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तसं एरवीही माझ्या हातात फारसं काही नसतं. स्वाती, म्हणजे माझी बायको, म्हणते की माझ्या हातात फक्त फॉर्म शोभतो.

ते खरं आहे. मी फॉर्म फार छान भरतो. पुण्याहून इथं आलो तेव्हापासून व्हिसा, घर, टॅक्स, सायकल चोरीला गेल्याची नोंद, सगळं मीच भरत आलोय. आमच्या ओळखीतले निम्मे मराठी लोक खेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, कागद आला की आधी मला फोन करतात आणि मग उघडतात. अशा माणसाला कायमच्या वास्तव्यासाठी डच भाषेची परीक्षा द्यायची वेळ आली. वाचन अंदाजानं जमलं. बोलण्यात मी सगळ्याला ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणत राहिलो आणि समोरच्याला ते संभाषण वाटलं. लेखनात मात्र आपटलो. म्हणून दर बुधवारी संध्याकाळी वाचनालयात मोफत शिकवणाऱ्या मंडळींकडे जायला लागलो, आणि माझ्या वाट्याला टांची मेना आली.

टांची म्हणजे मावशी. कॅरिबियनमधल्या, एकेकाळी डचांच्या ताब्यातल्या कुरासाओ बेटावरच्या बोलीत. एकोणिसाव्या वर्षी ती तिथून रॉटरडॅमला आली, तीस-पस्तीस वर्षं नर्स होती, आणि मला भेटली तेव्हा सत्तरीला टेकली होती. काळा तुकतुकीत वर्ण, आखूड कापलेले पांढरे केस, आणि हॉस्पिटलात हजार लोकांना इंजेक्शनं दिलेल्या माणसाची ती नजर, जिच्यापुढे आपण आपोआप बाही वर करतो. लाल पेन तिनं लोकरीच्या दोऱ्यानं पर्सच्या पट्ट्याला बांधला होता. ‘डॉक्टर लोक पेन पळवतात,’ एवढंच स्पष्टीकरण. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, डॉक्टर आसपास कुठेच नव्हते, पण दोरा होता.

तिला माझं व्याकरण विशेष टोचत नसे. तिला टोचायची माझी माफी. मी पत्र सुरू करायचो तेच मुळी ‘सॉरी, आपल्याला त्रास देतोय’ असं. मधे एकदा ‘क्षमस्व, आपल्याला वेळ असल्यास’. शेवटी ‘पुन्हा एकदा माफ करा’. पहिल्याच बुधवारी तिनं पेन ठेवला आणि विचारलं, “मंदार, तू काय केलंस?”

“म्हणजे?”

“एवढी माफी मागतोयस. कुणाला मारलंस का?”

“नाही हो टांची, ही आमच्याकडची पद्धत आहे. नम्रपणा.”

“हा नम्रपणा नाही. हा माणूस दाराबाहेर उभा आहे आणि दार उघडंच आहे.” आणि सर्रकन एक लाल रेघ.

मग आला तो बुधवार. सरावाच्या पुस्तकात प्रश्न होता: ‘तुमच्या इमारतीत कुणीतरी मोठा आवाज करतं. इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीला पत्र लिहा.’ मला आनंदच झाला. कारण रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेलमधल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर रहिवाशांसाठी एक सामायिक खोली आहे, आणि तिथं दर शनिवारी दुपारी तीनला कुणीतरी ढोलासारखं काहीतरी वाजवायचं. मी बरोबर तिसऱ्या मजल्यावर, बरोबर तीन वाजता, अभ्यासाला बसायचो. म्हटलं, खोटा आवाज कशाला कल्पायचा? सरावही होईल आणि कामही. मी फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं, चार शनिवारचे आकडे टिपले, त्याचा तक्ता केला, तक्त्याला रंग दिले. एवढी मन लावून केलेली तक्रार त्या कंपनीला आजवर आली नसेल. आणि हे करणारा माणूस पुण्यात चार वर्षं ढोल पथकात होता. कमरेला ढोल बांधून, अंगठ्याची सालं काढून घेऊन त्यानं अख्ख्या पेठांची झोप घालवलेली आहे. हे त्या वेळी मला आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी म्हटलं असतं, ते वेगळं.

महिन्याभरानं एका बुधवारी टांचीनं पत्र वाचलं. वरचा पत्ता वाचला. तक्ता पाहिला. “हा सरावच आहे ना?”

“सराव आहे, पण पाठवूनही टाकीन म्हणतो.”

पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात गेली. मग तिनं एकेक करत सात सॉरी खोडले. मी मोजले, कारण मी सगळंच मोजतो. ‘शक्य झाल्यास’ खोडलं. ‘आवाज थोडा कमी होऊ शकेल का’ याच्या जागी ‘आपण यावर काय कारवाई करणार ते कळवावे’ लिहिलं. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, “आधी हे रडगाणं होतं. आता त्यांना उत्तर द्यावं लागेल.”

मी त्याच संध्याकाळी पाठवलं. तक्त्यासकट.

शनिवारी आवाज सुरू झाला तेव्हा स्वाती म्हणाली, “पत्रं कसली लिहितोस? खाली जाऊन सांगते ना.” गेली. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, ढोल चालूच. दीड तासानं ती घामाघूम होऊन वर आली, गाल लाल, केस सुटलेले.

“सांगितलंस का?”

“अरे, काय बायका आहेत!” ती म्हणाली. “पुढच्या शनिवारी मी परत जाणारे.”

“पण सांगितलंस का?”

“काय?”

पुढच्या शनिवारी मीही खाली गेलो. दार उघडलं तर आठ-नऊ बायका अर्धगोलात उभ्या. बहुतेक सगळ्या टांचीच्या वयाच्या. एक जण कुदळीचं जुनं लोखंडी पातं हातात धरून सळईनं वाजवत होती, बाकीच्या टाळ्या देत होत्या. आणि मधोमध बुटक्या लाकडी ढोलावर बसल्यासारखी वाकलेली, बाह्या कोपरापर्यंत सारलेली, ती. पर्स मागं खुर्चीवर होती, लाल पेन लोंबकळत होता.

तिनं मला पाहिलं, हात थांबवला नाही, आणि त्याच लयीत एक नवी ओळ गायली. बायका खो खो हसल्या आणि ती ओळ परत म्हणाल्या. शेजारचीनं मला डचमध्ये अर्थ सांगितला: ‘तिसऱ्या मजल्यावरचा माणूस फोननं ढोल मोजतो, मोजून मोजून किती झाला, विचारा त्याला.’ ही तिथली रीत आहे म्हणे. ज्यानं जे केलं ते गाण्यात येणार, त्याच्यासमोर. मला त्याच खोलीत शिक्षा झाली आणि तिथंच ती संपलीही. कारण लगेच टांची म्हणाली, “आता उभा काय राहिलास? ये.”

“तुम्ही मला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“तू विचारलं नाहीस. आणि पत्र चांगलं होतं.” मग म्हणाली, “तक्रार करणं तुझा हक्क आहे. वाजवणं माझा. मी तुझं पत्र मुद्दाम वाईट ठेवायचं होतं का?”

त्या नाचाचं नाव तांबू. ढोलालाही तांबूच म्हणतात. दिसायला सोपा. इतका सोपा की मला तो आजतागायत आलेला नाही. कुणाला हात लावायचा नाही, समोरच्याच्या अगदी जवळ जायचं पण लागायचं नाही, आणि पाय जमिनीवरून उचलायचा नाही. सगळं कमरेत. मी पहिल्या दिवशी विसर्जन मिरवणुकीतल्यासारख्या उड्या मारत हात वर केले. टांचीनं ढोल थांबवला. “मंदार, सायकल चोरीला गेल्यासारखा काय नाचतोस?”

“पाय का उचलायचा नाही?” मी विचारलं. मीच उत्तरही दिलं, कारण आदल्या रात्री मी इंटरनेटवर वाचलं होतं. “गुलामांच्या पायात बेड्या असायच्या म्हणून ना?”

सगळ्या बायका टांचीकडे पाहायला लागल्या. ती म्हणाली, “असं सांगतात. ऐकणाऱ्याला वाईट वाटायला बरं पडतं. माझी आई म्हणायची, बेडी काढल्यावरही आम्ही पाय उचलला नाही. इथं उभे आहोत, हलवून दाखवा.” आणि पुन्हा ढोल.

मी सहा शनिवार गेलो. कंबर हलत नव्हती ती सहाव्या शनिवारी एकदा हलली. स्वातीनं ते पाहिलं, टांचीनं पाहिलं, आणि मला वाटतं मणक्यानंही दखल घेतली. मी खुशीत घरी आलो तर पेटीत कंपनीचं पत्र. पत्र पाठवल्याचं मी विसरूनच गेलो होतो.

‘आपल्या अतिशय स्पष्ट पत्राबद्दल आभार,’ असं सुरुवातीला होतं. यापुढे त्या खोलीत वाद्य वाजवायचं असेल तर दोन आठवडे आधी अर्ज करायचा. हेतू, वाद्यांची संख्या, माणसांची संख्या, जबाबदार व्यक्तीची सही. अर्जाविना वाजवल्यास खोली बंद.

मी फोन केला. “मी तक्रार मागं घेतो.”

“पण तक्रारीचं निराकरण झालंय, मेनेर,” तिकडचा माणूस आनंदानं म्हणाला. मेनेर म्हणजे साहेब.

“तेच मागं घ्यायचंय.”

“निराकरण मागं घेता येत नाही. त्याबद्दल आपण तक्रार करू शकता.”

मी तीही केली. तिला नंबर मिळाला. त्या नंबराखाली अजून काहीतरी चालू आहे असं वेबसाइट सांगते.

मी टांचीकडे गेलो. शेजारच्याच इमारतीत राहायची; खालची ती खोली दोन्ही इमारतींची होती. मी अर्ज छापून नेला होता, भरून नेला होता, सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी लावून नेला होता. म्हटलं, “फक्त सही करा. दोन मिनिटांचं काम. मंजूर होणारच.”

तिनं कॉफी ओतली. कागदाकडे पाहिलं नाही. “माझी आई पोलीस ठाण्यात गेली होती,” ती म्हणाली. “तेव्हा तिकडे तांबूला पोलिसांचा कागद लागायचा. त्याआधी तर बंदीच होती. पाद्री म्हणायचे हा सैतानाचा ढोल. मी सात-आठ वर्षांची होते, तिचा हात धरून गेले. आम्हाला दुपारपर्यंत बाहेर उभं केलं. मग आत बोलावलं. अधिकारी म्हणाला, हा नाच सभ्य असतो का? माझी आई म्हणाली, हो. तो म्हणाला, दाखव.”

बोलण्यासारखं एकच मला येत होतं, आणि तो शब्द तिनं सात वेळा खोडला होता.

“ती नाचली,” टांची म्हणाली. “टेबलासमोर. ढोल नाही, टाळ्या नाहीत. मग त्यानं शिक्का मारला. ती कागद घेऊन घरी आली, सगळे जमले, ढोल वाजला, आणि ती बसून राहिली. त्या दिवसानंतर माझी आई कधी नाचली नाही. मी वाजवीन, मंदार. कुणी बंद करायला लावलं तर बंद करीन. पण विचारणार नाही.”

मी अर्ज घडी करून खिशात घातला. शनिवारी खाली शांतता होती. मी तीन वाजता अभ्यासाला बसलो. एक शब्द डोक्यात गेला नाही.

सप्टेंबरात आमच्या मराठी मंडळाचा गणपती आला. नेहमीचा हॉल मिळाला नव्हता. कुणीतरी म्हणालं, मंदार, तुमच्या खाली ती खोली आहे ना? फॉर्म तूच भर. मी भरला. हेतू: सांस्कृतिक महोत्सव. वाद्यं: बारा ढोल, चार ताशे. चार दिवसांत मंजुरी आली, वर शुभेच्छा. मला खरं तर तेव्हाच लाजेनं खाली बसायला हवं होतं. मी काय केलं? टांचीला आमंत्रण दिलं.

ती आली, केशरी रंगाचा ड्रेस घालून. मोदक खाल्ले, दोन. आरतीला टाळ्या दिल्या, आमच्यापेक्षा नेमक्या. मग ढोल सुरू झाले. आमच्या पथकात निम्मे लोक ऑफिसातून आलेले, ताल दोनदा निसटला, पण आवाज असा की खिडकीची काच थरथरत होती. मला तिसऱ्या मजल्यावरचं माझं टेबल दिसत होतं. टांची शेवटपर्यंत उभी राहिली. जाताना विचारलं, “किती ढोल होते?”

“बारा.”

“माझा एक होता,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “तुमचं ते कल्चर असतं, मंदार. आमचा आवाज असतो.” आणि स्वातीच्या गालाला हात लावून गेली.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी अर्ज भरला. तिच्या सहीची गरज पडू नये म्हणून जबाबदार व्यक्ती मीच झालो. ‘तांबू’ लिहिलं तर पुन्हा ती तक्रार वर येईल म्हणून हेतूच्या रकान्यात लिहिलं: ज्येष्ठांसाठी व्यायाम, तालवाद्यासह. लगेच मंजूर. मग मी तिला फोन करून एवढंच म्हणालो, “टांची, मिटलंय सगळं. शनिवारी या.”

“त्यांनी सोडून दिलं?”

“मिटलंय,” मी म्हणालो. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत असं मी स्वतःला समजावलं. आयटीत याला वर्कअराउंड म्हणतात.

शनिवारी त्या सगळ्या आल्या. डोक्याला कोरे कडक रुमाल बांधून, हसत, थट्टा करत. दोघींनी मिळून ढोल उचललेला. आणि खोलीच्या काचेच्या दारावर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, इमारतीच्या देखरेखीच्या माणसानं माझा मंजुरीचा कागद चिकटवलेला होता. हे मला सुचलंच नव्हतं. इतके फॉर्म भरले मी आयुष्यात, पण त्यांचं पुढं काय होतं ते कधी पाहिलं नव्हतं.

टांचीनं तो वाचला. बुधवारी माझी पत्रं वाचायची तसाच, वरपासून खालपर्यंत. ‘ज्येष्ठांसाठी व्यायाम. तीन ते साडेचार. आवाज मर्यादेत. परवानगी देण्यात येत आहे.’ खाली माझं नाव. मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पर्सवरून पेन ओढला, ‘व्यायाम’ शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं: तांबू. कागद नीट दाबून परत चिकटवला.

“एवढीच चूक आहे,” ती म्हणाली. “परीक्षेत पास होशील.”

मग ती वळली, तिच्यामागं बायका, बायकांमागं ढोल. स्वाती माझ्याकडे अशी पाहत होती की मी लिफ्टनं गेलो नाही, जिन्यानं गेलो.

मी पास झालो. लेखनाच्या पेपरात प्रश्न होता: ‘तुमच्या शेजारणीनं तुम्हाला मदत केली. तिला आभाराचं पत्र लिहा.’ मी लिहिलं, मेनाच्या नावानं लिहिलं, एकही सॉरी न घालता. सगळ्यात चांगलं पत्र तक्रारीचं, असं मी वर म्हटलं खरं, पण कदाचित हे त्याहून चांगलं असेल. पाहता येणार नाही. उत्तरपत्रिका परत देत नाहीत. त्यासाठी कुठलाही फॉर्म नाही, मी शोधला.

वाचनालयात ती येईनाशी झाली. गुडघ्याचं ऑपरेशन आहे असं कळलं, आणि नंतर दूर एनस्खेडे गावी लेकीकडे कायमची राहायला जाणार असंही. मी दोनदा बेल वाजवली. एकदा ती घरी नव्हती. एकदा होती, असं मला वाटतं.

शेवटचं पाहिलं ते डिसेंबरात, वर्ष संपताना. हे दिवस तिच्याकडे तांबूचे असतात, हे मला तिनंच सांगितलेलं. शनिवार होता, दुपार होती, सकाळी पिठासारखा बारीक बर्फ पडून थांबलेला. तीन वाजले आणि खालून टाळ्या ऐकू आल्या. मी बाहेरच्या सज्जात आलो. सायकलींच्या स्टँडपुढं मोकळी जागा आहे, तिथं त्या आठ-नऊ जणी जाड कोट घालून अर्धगोलात उभ्या होत्या. ढोल नव्हता. तो बहुतेक आधीच एनस्खेडेला गेला असावा. पातंही नव्हतं. नुसते हात, हातमोजे काढलेले. आणि मधे टांची, तपकिरी कोटात, काठी कुणाकडे तरी दिलेली.

ती नाचत होती. त्या गुडघ्यानं.

चौथ्या मजल्यावरचं एक दार उघडून बंद झालं. स्वाती माझ्या मागून आली, खाली पाहिलं, आणि घरातल्या चपलांवरच जिना उतरून गेली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. ती अर्धगोलात शिरली, बाजूच्या दोघींनी जागा केली, टाळीत टाळी मिसळली.

टांचीनं मान वर केली. मला पाहिलं. मी हात वर केला, अर्धाच. तिनं ये म्हटलं नाही, येऊ नको म्हटलं नाही. ती नाचत राहिली. आणि मी कठडा धरून उभा राहिलो. मी येऊ का, याचं उत्तर तिच्या चेहऱ्यावर शोधत. एखादी खूण होईल, मग जाऊ. आता होईल, मग जाऊ. दार उघडंच होतं.

टाळ्या थांबल्या. काठी तिच्या हातात आली. एकेकीला मिठी मारून ती मोटारीत बसली, लेकीनं दार लावलं, मोटार वळणावरून गेली. मग मी खाली गेलो.

स्वाती माझ्या बाजूनं वर निघून गेली. त्या बर्फात सगळ्या बायकांच्या बुटांचे ठसे होते, गोलाच्या कडेनं, सुटे सुटे. मधे मात्र ठसा असा नव्हताच. दोन लांब पट्टे होते, वळत गेलेले, खालची फरशी दिसेपर्यंत घासलेले, कुठंही न तुटलेले. मी त्यांच्या कडेला उभा राहिलो. मधे पाय ठेवला नाही.